देवाजीभाऊंना न आठवलेली करवत

देवाजीभाऊ गेल्या भादव्यात वारले. आता ते झालंच नाही असं धरून सांगतो. म्हणजे भाऊ सिंदेवाहीच्या बाजारात चिंचेखाली पोतं अंथरून बसले आहेत आणि पोत्यावर रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटं. सगळी जुनी. बहुतेकांचे मालक मेलेले.

मेलेल्या सुताराच्या घरून भाऊ हत्यारं आणत आणि विकताना त्या सुताराची ओळख करून देत. "हा रंधा सुकलू मिस्त्रीचा. सकाळी नीट चालते, दुपारी रुसते. सुकलूबी तसाच होता." गिऱ्हाईक घरी जाऊन दुपारी रंधा बाजूला ठेवी. हत्यार हातात बसलं नाही तर भाऊ वर्षानंतरही परत घेत. त्यासाठी प्रत्येक मुठीवर तापल्या खिळ्यानं चांदणी डागत. लिहिता येत नव्हतं. कोणतं हत्यार कोणाला दिलं, ते सगळं डोक्यात. चौदा वर्षांमागं विकलेली पटाशी पाहून गिऱ्हाइकाची बायको तेव्हा कितव्या महिन्यात होती तेही सांगत.

मीही सुतार. मला त्यांनी झिंगू मिस्त्रीची करवत दिली. "हरिदास, ही सरळ चालते. तू सरळ चालशील तं."

मी चाललो नाही. आमच्या नाकेदाराच्या पोरीचं लग्न होतं. नाकेदार म्हणजे जंगलाचा रखवालदार. त्याला सागाचा दिवाण हवा होता. लाकूड कुठून आणू म्हटलं, तर म्हणाला, "मले काऊन विचारतो? मी नाकेदार आहो." मला हे पटलं. मी जंगलात जाऊन साग कापला. कुऱ्हाडीचा आवाज लांब जातो म्हणून करवतीनं. ओंडके बैलबंडीत भरले, वरून पालापाचोळा टाकला आणि करवत खुंटाजवळ विसरून आलो.

चार दिवसांनी वरचा साहेब फिरतीवर आला आणि एवढ्या मोठ्या जंगलात नेमका त्याच खुंटाला ठेचकाळला. साहेबाला आरोपी पाहिजे होता. नाकेदाराला मी नको होतो, कारण मी सापडलो की माझ्यामागे त्याचा दिवाणही निघाला असता. पण मुठीवर चांदणी होती.

बाजाराच्या दिवशी दोघं चिंचेखाली आले. मी भाऊंच्या शेजारीच बसून एका करवतीला कानस मारत होतो.

"ही कोणाले विकली, देवाजी?" नाकेदारानं विचारलं. बघत मात्र जमिनीकडे होता.

भाऊंनी करवत घेतली, दातांवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मले आठवत नाई."

सगळा बाजार हसला. भाऊंना आठवत नाही, यापेक्षा मोठा विनोद तिथं कधी झालाच नव्हता. मीही हसलो. माझं हसणं सगळ्यांत शेवटी थांबलं.

"नाव सांग, नाई तं तूच कापलं म्हणून लिहितो," साहेब म्हणाला.

"लिहा ना साहेब. मले कुठी वाचता येते."

लिहिलं. चंद्रपूरला नेलं. जामीन व्हायच्या आत कावीळ झाली, आणि वर जे झालंच नाही असं धरलं होतं, ते झालं.

तेराव्याला भाऊंच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, मला बाजूला बोलावलं. "तू त्यायच्यापाशी लय बसे. कोणाले वाचवून राह्यले होते, काई बोलले का तुह्यापाशी?"

"नाई, बाई," मी म्हणालो.

दिवाण वेळेवर झाला. पोरीच्या सासरी सगळ्यांना आवडला म्हणे. मग मी अर्ज लिहून कचेरीत गेलो. बाबूनं तो उभ्याउभ्या वाचला आणि माझ्याच खिशात ठेवला.

"आरोपी मेला, केस मिटली. मेलेला तक्रार करून नाई राह्यला, तू काऊन करतो?"

दुसरा अर्ज त्यानं न वाचताच परत दिला. हा तिसरा:

तरी विनंती की, सदर सागाच्या प्रकरणातून मयत देवाजी यांचे नाव वगळून त्या जागी अर्जदार हरिदास याचे नाव लावण्यात यावे. आणि मयतास जेवढे दिवस कोठडीत ठेवले, तेवढे दिवस त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई यांस त्यांच्या राहत्या घरी, मयतासह, परत करण्यात यावेत.