गाडीतून उतरवलेला मीटर

मी एक जुना मीटर आहे. मित्रांनो, रिक्षातला नव्हे. बंगळूरच्या रिक्षात मीटर असतो तो निव्वळ शोभेला. मी पेट्रोल मोजणारा मीटर. दोनच माणसांची जागा असलेल्या एका लाल विलायती स्पोर्ट्स गाडीत मी पन्नास वर्षं काढली. इंजिनाला सहा तोंडं. प्रत्येकाला पाळीपाळीने मोजून घास भरवायचा, हे माझं काम. त्याला इंजेक्शन म्हणतात. हे इंजेक्शन दुखत नाही.

इंग्लंडातल्या एका कारखान्यात मी घडलो. माझ्या पोटातली फिरकी इतकी नेमकी बसवली होती, की तिच्या कडेने मुंगीचा श्वाससुद्धा जाऊ नये. एकदा येलहंक्याला विमानतळाच्या कुंपणाकडेने आम्ही सुसाट निघालो होतो. वरून हवाई दलाचं विमान चाललं होतं. त्याने आमचा वेग पाहिला आणि लाजून चाकं पोटात घेतली. खोटं वाटत असेल तर विमानाला विचारा.

पण गेल्या वर्षी मी अडखळू लागलो. गाडीचे मालक पद्माकर, सरकारी विमान कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांनी बसवंत मेस्त्रीला बोलावलं. बसवंत निपाणीकडचा, एका वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही उरकणारा.

"सर, याला उघडून परत जोडणारा गावात एकच माणूस होता," तो म्हणाला. "तो वारला. आता इंजेक्शन काढा, कार्ब्युरेटर बसवा. इंजिन हवा ओढतं, हवेबरोबर पेट्रोल आपोआप येतं. सोपं काम."

पद्माकरांना सोपं काम कधी मानवलं नाही. त्यांनी पोर्चमध्ये समिती बसवली. सदस्य तीन : ते स्वतः, बसवंत, आणि चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी शुभदाबाई. मोठ्या कागदावर तक्ता आखलेला. पहिली ओळ, तीन दुतोंडी इटालियन कार्ब्युरेटर. दुसरी ओळ, दोन साधे, डोक्यावर घुमट असलेले. आणि तिसऱ्या ओळीत मी! 'आहे तेच दुरुस्त करणे.' गाडीचं बॉनेट उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. अचूकपणाला मला पंचवीसपैकी पंचवीस मिळाले. मी फुगलो. पुढचा रकाना होता, 'जवळपास जाणकार'. तिथे शून्य.

"तीन दुतोंडी घेऊ," पद्माकर म्हणाले. "बॉनेट उघडलं की लोक बघत राहतील."

"बघतील की. बॉनेट उघडंच राहील, सर." बसवंतने बशीत चहा ओतला. "हे पळायला चांगले. सर्जापूर रोडच्या गर्दीत नेलात तर पेट्रोल जास्त होऊन गाडी ठसकत बसेल. त्यापेक्षा हे घुमटवाले सरी, हेच बरोबर. रबरी नळी कानाला लावली, की दोघांचा श्वास सारखा चाललाय का, ते मला कळतं."

"आणि ही तिसरी ओळ?" शुभदाबाईंनी विचारलं. "अहो, खोडायचीच होती तर लिहिलीत कशाला?"

"प्रत्येक प्रस्तावात लागते ती, शुभदा. फाइल पुरी दिसते."

मित्रांनो, मी फाइल पुरी दिसावी म्हणून होतो.

मला उतरवलं त्या दिवशी बसवंतने एकच गोष्ट बजावली. "सर, महिन्यातून एकदा यात स्वल्प तेल घाला आणि हाताने फिरवा. आत पेट्रोल सुकून चिकट झालं तर कायमचा जाम होईल. मग कोणी आलं तरी उपयोग नाही."

"घालतो, घालतो," पद्माकर म्हणाले. त्यांचं लक्ष नव्या घुमटांना पॉलिश करण्यात होतं.

मला वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजच्या फळीवर ठेवलं. एक महिना गेला. दोन गेले. सहा गेले. दर रविवारी गाडी देवनहळ्ळीपर्यंत जाऊन येई. तिचा आवाज आता वेगळा होता, भरदार; मला मान्य करावं लागलं की चांगला होता. पोटातलं पेट्रोल सुकत चाललं, फिरकी जड झाली. भिंतीवरच्या पालीला मी माझे पराक्रम सांगत असे. ती एकदाही चुकचुकली नाही. खोट्या गोष्टी सांगायलासुद्धा ऐकणारं कोणीतरी लागतं.

एका रविवारी शुभदाबाई गॅरेजात आल्या. त्यांना रिकामी कुंडी हवी होती. कुंडीच्या नादात त्यांचा हात माझ्या कागदाला लागला. त्यांनी मला उघडलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

गाडीला जागा दोनच, हे मी सांगितलंच आहे. एका जागेवर पद्माकर. दुसऱ्या जागेवर कोण बसतं, याचा मी सहा महिन्यांत विचारच केला नव्हता. तिथे बसवंत बसत असे, कान देऊन श्वास ऐकायला.

"तुलाही घरीच ठेवलं होय रे?" त्या म्हणाल्या.

त्या आत गेल्या आणि शिवणयंत्राच्या तेलाची लांब चोचीची डबी घेऊन आल्या. चार थेंब घातले. फिरवून पाहिलं. मी हललो नाही. मला हलायचं होतं, पण हलता येईना. "असू दे. उद्या बघू," त्या म्हणाल्या.

त्या दुसऱ्या दिवशी आल्या. तिसऱ्या दिवशी स्टूल घेऊनच आल्या. रोज चार थेंब, आणि घरातलं थोडं बोलणं. मी माझ्या परीने विमानाची गोष्ट सांगितली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुठे फळीवर, कुठे खोलीत कोणी गुंडाळून ठेवलेलं असेल. त्याला काम द्याच, असं मी म्हणत नाही. अधूनमधून हात लावा. चौकशी करा. जाम व्हायला फार दिवस लागत नाहीत.

आठव्या दिवशी त्यांनी जोर लावला आणि माझ्या पोटात 'टक्' झालं. फिरकी पाव वेढा फिरली. खरं सांगतो, उलटी फिरली, पण फिरली.

शुभदाबाई टाळी वाजवून हसल्या. मग पदराला हात पुसत उठल्या.

"आता उरलेला वेढा चहा झाल्यावर," त्या मला म्हणाल्या. "मी आलेच. जाऊ नकोस कुठे."