हेल्युबाईंच्या नावाचा जंत

लोकांच्या नावाने रस्ते असतात, शाळा असतात. हेल्यु पिहलाक या बाईंच्या नावाने रॉबिन पक्ष्याच्या आतड्यात चार सेंटिमीटरचा फीतकृमी होता. विल्यांडी गावातल्या एका संग्रहालयात वर्षानुवर्षं पाखरांची आतडी उकलल्याबद्दल प्रोफेसर टांबेटांनी मानलेले आभार ते एवढेच. बाईंना मात्र कोण आनंद! त्या दिवशी त्यांनी घरून क्रिंगेल नावाचा गोड पाव भाजून आणून सगळ्यांना वाटला होता.

बाईंच्या जंताच्या डोक्यावर दहा हूक. कस्तुर पक्ष्याच्या पोटातल्या जंताला बारा. बाकी दोघे हुबेहूब, पण तेवढ्यावरून जात वेगळी ठरलेली. त्या दोन हुकांवर बाईंचं अमरत्व टांगलेलं होतं.

निवृत्तीला महिना उरला तेव्हा बाई जुन्या काचपट्ट्या आवरायला बसल्या. आपला जंत त्यांनी कौतुकाने सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, आणि कधी नव्हे ते त्याच्या डोक्याऐवजी काचेच्या कडेला पाहिलं. तिथे दोन हूक निखळून पडले होते. वरची काच बसवताना कोणाचा तरी अंगठा जोरात दाबला गेला होता. कोणाचा, ते शोधायला लांब जायला नको होतं. काचा बाईच बसवत. त्यांना रडू आलं, आणि जंतासाठी आपण रडतोय याची लाजही वाटली.

"सर, माझा जंत आणि कस्तुराचा, एकच आहेत हो," त्यांनी टांबेटांना सांगितलं.

"जाऊ दे गं, हेल्यु," टांबेट कॉफी ढवळत म्हणाले. "रॉबिनच्या जंताचे हूक मोजायला कोण बसलंय? राहू दे तुझं नाव."

मग चमचा थांबला. एका जिवाला दोन नावं निघाली की जुनं राहतं, नवं जातं, असा या शास्त्रज्ञ लोकांचा कायदा. आणि कस्तुराच्या जंताला टांबेटांच्या गुरुजींनी फार पूर्वीच टांबेटांचं नाव देऊन ठेवलं होतं.

"अर्थात, विज्ञानात भावनांना जागा नसते," ते खाकरून म्हणाले. "उद्याच लेख लिहितो." आयत्या बिळावर नागोबा व्हायची त्यांची सवय जुनीच.

"तुम्ही नाही, मी लिहिते. अंगठा माझा होता."

"तुला कुठे लिहिता येतंय?"

"मोजता येतं ना? इतकी वर्षं माझेच आकडे छापलेत तुम्ही."

वसंतात लेख आला, दीड पानाचा. हेल्यु पिहलाक यांच्या नावाची जात अस्तित्वात नाही, असं त्यात शेवटी स्पष्ट लिहिलं होतं. आणि वर, लेखकाच्या जागी, आयुष्यात पहिल्यांदा आणि एकटंच नाव होतं: हेल्यु पिहलाक.

बाईंनी पुन्हा क्रिंगेल भाजला. टांबेटांना कडेचा तुकडा दिला.