काकांचा मान आणि माझं इंजिन

मित्रांनो, वारज्याला पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली एक जुनी लाल गाडी म्हणजे मी. जुनी म्हणजे किती, तर जेमतेम चार वर्षांची. या वयात गाडीने रस्त्यावर असायला हवं. मी इथे उभी आहे आणि शेडबाहेर उन्हात येणाऱ्या माझ्या बॉनेटवर मालकाची आई सोजरबाई कुरडया वाळत घालते. हसा, खुशाल हसा. मला मात्र या सगळ्याची शिसारी आली आहे, आणि ती का आली ते सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. इंजिन लहान, पण त्याला टर्बो जोडलेला. टर्बो म्हणजे एक छोटा पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि बाहेरची हवा दाबून आत कोंबतो, म्हणून लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. पण दाबलेली हवा तापते. अशा तापलेल्या हवेत साधं पेट्रोल ठिणगी पडायची वाटच बघत नाही, आधीच भडकतं. मग आत हातोडीचे घाव बसायला लागतात. पेट्रोलच्या या धीराला एक आकडा असतो. साध्याचा एक्क्याण्णव. मला पंच्याण्णव लागतं. कारखान्यातल्या एका बाईने माझ्या टाकीच्या झाकणाच्या आत तसा कागद चिकटवला आणि अंगठ्याने नीट दाबून बसवला. त्यावर पंपाचं चित्र आणि पंच्याण्णवचा आकडा. पहिलीतल्या पोरालाही समजेल.

पण ज्यांना समजायला हवं होतं त्यांचं काय? मला घेतलं जयसिंगने. वारज्याला त्यांच्या जमिनी होत्या, तिथे आता सोसायट्या उभ्या आहेत. वडील लवकर गेले. आई सोजरबाई, धाकटी बहीण शालू आणि हा, अशा तिघांना वडिलांच्या माघारी दत्तोबाकाकांनी सांभाळलं. शाळेच्या फीपासून घराच्या स्लॅबपर्यंत सगळं काकांनी पाहिलं. त्याच काकांचा बायपासला पेट्रोल पंप होता. मी शोरूममधून निघाले ती थेट तिथे. काकांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि पहिली टाकी स्वतःच्या हाताने भरली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आतून पहिला ठोका बसला.

काकांच्या पंपावर पेट्रोल शुद्ध होतं, मापात पाप नव्हतं. पण ते होतं साधं. पंच्याण्णवचं ते ठेवतच नसत. ते मिळायचं दोन किलोमीटर पुढच्या पंपावर. तेवढं अंतर मी डोळे मिटून गेले असते! पण नाही. दर आठवड्याला जयसिंग मला काकांच्या पंपावर उभी करायचा, काकांना हात जोडायचा आणि टाकी भरून घ्यायचा. माझ्या आत एक बारीकसा कान बसवलेला आहे. ठोका ऐकू आला की तो इंजिनाला सबुरीने घ्यायला सांगतो. त्या बिचाऱ्याने किती ऐकायचं? मी दिवसेंदिवस मंद होत गेले. सिग्नलला डिलिव्हरीवाल्यांच्या स्कूटर माझ्या पुढे निघायला लागल्या.

वरून मात्र थाट बघा. रोज सकाळी धुणं, आठवड्याला पॉलिश, मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत नाव, पुढे काळी बाहुली, आत गुलाबाचा असा उग्र वास की माझंच डोकं उठायचं. बाहेरून आरती आणि आतून उपासमार! ज्याच्या आत कागद होता ते झाकण दर आठवड्याला उघडायचं. तिथली धूळसुद्धा पुसली जायची. वाचायचं तेवढं कुणाला सुचत नव्हतं.

सुचलं ते शालूला. ती कोथरूडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होती. तिने एकदा झाकण उघडलं, कागद वाचला, माझ्या कप्प्यातलं पुस्तक काढून पाहिलं आणि घरात जाऊन सांगितलं की गाडीला चुकीचं पेट्रोल जातंय. सोजरबाईंनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. ज्या माणसाने आपल्याला वाढवलं त्याच्या पंपावरून पुढे जाऊन परक्याच्या दारात गाडी लावायची? उद्या भावकीत कोण तोंड वर करून बोलेल? काकांच्या जिवाला काय वाटेल? जयसिंगनेही मान डोलावली. पेट्रोल ते पेट्रोल, म्हणाला, आकडे ही कंपन्यांची धंद्याची युक्ती. शालूने पुस्तक परत माझ्या कप्प्यात ठेवून दिलं. मित्रांनो, शिसारी म्हणाले ती इथूनच सुरू झाली. माझ्या जिवाचा प्रश्न होता, आणि बोलणं चाललं होतं भावकीचं.

शालूने मग एक केलं. टाकी तळाला आली होती तेव्हा कॉलेजला जायच्या निमित्ताने मला बाहेर काढलं, काकांच्या पंपासमोरून मान खाली घालून गेली आणि पुढच्या पंपावर पंच्याण्णवचं पेट्रोल भरलं. काय सांगू तुम्हाला! चांदणी चौकाच्या चढावर मी अशी सुटले की शालूच हसायला लागली. आत एक ठोका नाही, कुरकुर नाही. मी काय चीज आहे हे माझं मलाच त्या दिवशी कळलं. जयसिंग बाहेरगावी गेला होता, त्यामुळे आठ दिवस मी सुखात होते. आयुष्यातले तेवढेच.

नवव्या दिवशी परतलेल्या जयसिंगने गाडी चालवली, शालूने टाकी काकांकडेच भरली असेल असं धरून चालला आणि घरी येऊन छाती फुगवून म्हणाला, "बघ शाले, काकांच्या पेट्रोलला नावं ठेवत होतीस ना? गाडी वाऱ्यासारखी पळतीय."

शी! मी भरधाव पळावं आणि श्रेय त्याच पेट्रोलला मिळावं ज्याने मला लंगडं केलं होतं! मी शालूकडे डोळे लावून बसले. आता तरी बोल, बाई. एक वाक्य. पण बोलली असती तर परक्या पंपावर गेल्याचं उघड झालं असतं, आई रडली असती. ती नुसती हसली आणि आत गेली. मला त्या हसण्याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. जयसिंग अडाणी होता, त्याचं एक वेळ समजू शकते. ही तर वाचून गप्प बसली.

गाडी जोरात आहे म्हटल्यावर जयसिंगला चेव चढला. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. त्याने काकांकडे टाकी काठोकाठ भरली, शालूला शेजारी बसवलं आणि महाबळेश्वरचा रस्ता धरला. घाटाच्या पायथ्यापासून त्याने पाय दाबला तो उचललाच नाही. आत ठोक्यांवर ठोके. पिवळा दिवा लावून मी ओरडले. तो म्हणाला, सेन्सर खराब असेल. शालूने एकदा त्याच्या हाताला हात लावला, "दादा, हळू घे," एवढंच म्हणाली. तिसऱ्या वळणावर माझा पिस्टन फुटला. आतली सगळी भिंत ओरबाडून निघाली, मागे निळा धूर झाला आणि मी थांबले.

मला कोथरूडला यज्ञेश्वर मेकॅनिकच्या गॅरेजात ओढून आणलं. इंजिन उघडल्यावर त्याने जयसिंगला जवळ बोलावलं, माझ्या टाकीचं झाकण उघडलं आणि कागदावर बोट ठेवलं. "आपण दर आठवड्याला पुसत होता, दिसतंय. पुसता पुसता एकदा वाचलं असतं तर बरं झालं असतं." जयसिंगची मान खाली गेली. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

तेवढ्यात दत्तोबाकाका आले. बातमी ऐकून पंप सोडून, स्कूटरवरून, धापा टाकत आले होते. यज्ञेश्वरने त्यांना सगळं समजावून सांगितलं. शालू रडायला लागली आणि तिने एका दमात सगळं ओकलं. ती दुसऱ्या पंपावर गेली होती, गाडी पळाली ती त्याच पेट्रोलवर, आणि ती बोलली नाही, कारण काकांना वाईट वाटलं असतं.

काकांनी वाकून माझ्या उघड्या इंजिनात पाहिलं. मग म्हणाले, "आगं पोरी, माझ्या पोराची, आपल्या बाळची, मोटारसायकल बी आसलीच हाय. तिला माझं प्याट्रोल चालत न्हाय. मीच त्याला फुडच्या पंपावर धाडतो की. मला एकदा इचारायचं तरी हुतं."

जयसिंग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

माझं इंजिन दुरुस्त झालंच नाही. जयसिंगने उंच डिझेलची गाडी घेतली, ती काकांच्या पंपावर आनंदाने भरतो. शालू कधी शेडमध्ये येते, माझ्या दारावर हात ठेवते आणि निघून जाते. मला तिचा हात झटकावासा वाटतो. झटकता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, गिरणी असेल, साधा मिक्सर असेल, त्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि तिला मानवेल तेच द्या. आणि कुणाला वाईट वाटेल असं नुसतं ठरवून गप्प बसू नका, त्याला जाऊन विचारा. दोन वर्षं माझा जीव ज्या माणसाच्या मानासाठी जात होता, त्या माणसाने तो मान कधी मागितलाच नव्हता.