ढालकिड्यांचे सर

"अहो, आता तरी दाखवा तुमच्या सवती!" बायको म्हणाली, आणि सर किल्ली शोधू लागले.

कॉलेजच्या हॉलमधला सरांचा निरोप समारंभ नुकताच आटोपला होता, पाहुणे खाली चहाला गेले होते. सरांनी आयुष्यभर कॉलेजात कीटकशास्त्र शिकवलं, पण सगळा जीव हॉलशेजारच्या या खोलीतल्या ढालकिड्यांत. फळबागांना लागणाऱ्या पिठ्या किडीचा हे किडे चट्टामट्टा करतात. मग औषध मारायची गरजच नाही. आता त्यांना खायला पिठ्या कीड हवी आणि तिला भोपळा हवा, म्हणून खोलीभर फळ्यांवर जाळीच्या पिंजऱ्यांत लाल भोपळे. किड्यांना रविवार कळत नाही, असं म्हणत सर सुट्टीलाही इथेच. घरी असले तरी मन इथेच. बायको बोलत राहायची आणि हे नुसते "हं, हं" करायचे. पोरीचं लग्न ठरल्याचंही तसंच ऐकलं, आणि दोन दिवसांनी विचारतात, लग्न कुणाचं? काय म्हणावं या माणसाला!

किडे आज बायकोला दाखवायचे आणि उद्या लाडक्या विद्यार्थिनीच्या हवाली करायचे, एवढंच आता उरलं होतं.

दार उघडलं आणि नाकात वास गेला. फवाऱ्याचा.

भोपळे जागच्या जागी होते. पिंजऱ्यांच्या तळाशी ढालकिडे उताणे पडले होते. सरांनी एक पिंजरा हलवला, दुसरा हलवला. एकही पाय हलेना.

"कुणी मारलं औषध इथे? कुणी?"

सफाईवाला धावत आला. "सर, तुम्हालाच विचारलं की सकाळी! पाहुणे येणार म्हणून हॉलमध्ये माश्यांचं औषध मारतोय, माझ्याकडच्या किल्लीने शेजारची खोली उघडून तिथेही मारू का? तुम्ही भाषण पाठ करत होता. हं, हं म्हणालात."

सर मटकन खुर्चीत बसले. आता खापर फोडायचं तरी कुणाच्या डोक्यावर?

"जा बाबा," ते म्हणाले. "तुझी काही चूक नाही."

तो गेला. घ्या, मी इतकी वर्षं काय सांगत होते, असं बायकोला म्हणता आलं असतं. त्याऐवजी तिने सरांनी हलवलेले पिंजरे नीट जागेवर लावले, आणि सरांना तेच सोसवेना.

"जिवंत होते तेव्हाच आणायला हवं होतं गं तुला. कितीदा म्हणाली असशील! मी ऐकलंच नाही. तुझं काहीच ऐकलं नाही मी."

बायकोने स्टूल ओढलं आणि पिंजऱ्यापाशी बसली. "जगाच्या पोरांना शिकवलंत, मला काही कधी वर्गात बसवलं नाहीत. आता सांगा, यातला नर कुठला आणि मादी कुठली?"

सरांनी भिंग तिच्या हातात दिलं. बारीक ब्रशने एक किडा कागदावर घेतला. मोहरीहून जरासा मोठा, काळा, डोकं तेवढं नारिंगी.

"पुढचे पाय बघ. तपकिरी असले तर नर. काळे असले तर मादी."

ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"काळे आहेत. मादी." मग भिंग न हलवता तिने विचारलं, "पोटात अंडी असतील का हो हिच्या?"

"असतील," सर म्हणाले, आणि त्यांनी दुसरा किडा कागदावर घेतला.