जड चाक, कडक रबर

पानाने ते चाक दोन्ही हातांनी उचलून बाकावर ठेवलं, तेव्हा बाकावरचा चहाचा कप बशीत नाचला. त्याने चिंधीने काजळी पुसली, वरचा दिवा खाली ओढला आणि चाकाच्या तोंडावरून अंगठा फिरवला. जिथे आरशासारखं गुळगुळीत असायला हवं होतं, तिथे निळेजांभळे डाग पडले होते आणि डागांतून केसाएवढ्या चिरा गेल्या होत्या.

“फ्लायव्हील गेलं, सर,” तो चाकावर वाकलेलाच म्हणाला. “क्लच यालाच धरतो, आणि हे असं जळालंय. माउंटिंगंही गेलीत. इंजिन ज्या रबरांवर बसतं, ती पार फाटून लोंबतायत. खरं सांगा, गाडी कोण चालवतंय?”

मास्तर त्याच्या पाठीमागे, हात मागे बांधून उभे होते. लिफ्टवर चढवलेल्या आपल्या गाडीकडे ते बघत होते आणि बघतच राहिले.

गॅरेजचा मालक उंच, किडकिडीत आणि मानेत जरा पुढे झुकलेला, म्हणून सगळे त्याला पाना म्हणत. स्वतःचं खरं नाव त्यालाही सही करतानाच आठवत असावं. गाडी चालवायला तो मास्तरांकडेच शिकला होता. गावातली बरीचशी माणसं त्यांच्याकडेच शिकली होती. मास्तर पहिल्याच दिवशी मीटरच्या काट्यांवर रुमाल टाकत आणि म्हणत, “काट्याकडे काय बघतोस? इंजिन सांगतंय ना तुला गिअर कधी बदलायचा ते. ऐक.” जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सांभाळत, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून बसलेल्या या माणसाने निवृत्त झाल्यावर घरादाराचा विरोध पत्करून एक स्पोर्ट्स कार घेतली. जुनी, दोनच माणसांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी. तिला जादा ब्रेक नव्हता, हेच त्यांना फार आवडलं होतं.

दाराजवळच्या स्टुलावर त्यांची बायको बसली होती. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. ही पदवी फुकटचीच होती, कारण बाईंनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं असेल तर ते शेजारच्या मुलींना शिलाई मशीनवर सरळ टीप मारायला. लग्नानंतर मास्तरांनी एकदा त्यांना गाडी शिकवायला घेतली होती. दुसऱ्याच दिवशी दोघं अबोल्याने घरी परतली, आणि घरात शांतता हवी असेल तर हा विषय पुन्हा काढायचा नाही असं न बोलताच ठरलं.

आज बाई मुद्दाम आल्या होत्या. मुलाने गाडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. बाबांना आता ही गाडी झेपत नाही, असं त्याचं म्हणणं. नसती धोंड गळ्यात कशाला? पाना त्याचा शाळेपासूनचा मित्र. पाना म्हणाला की गाडी बाबांच्या हातात ठीक आहे, तर तो गप्प बसणार होता. पाना उलटं बोलला, तर दुरुस्त होऊन गाडी परस्पर गिऱ्हाइकाकडे जाणार होती. मास्तर आठवडाभर धड जेवले नव्हते.

पाना वळला आणि त्याने पुन्हा विचारलं, “सर, गाडी कोण चालवतंय? हे तुमच्या पायाचं काम नाही. कुणीतरी क्लच अर्धवट दाबून ठेवलाय आणि वर नुसता ॲक्सिलरेटर दिलाय. पहिल्या गिअरमध्येच किती लांब ओढलीय! इंजिन एवढं बोंबलतंय आणि माणसाला पत्ताच नाही. शिकाऊ माणूस आहे कुणीतरी.”

मास्तरांनी घसा साफ केला.

“ही शिकतेय,” ते म्हणाले आणि त्यांनी हनुवटीने स्टुलाकडे खूण केली.

भाजी करपली तर बाईंमुळे, चष्मा हरवला तर बाईंमुळे, इथवर ठीक होतं. पण ज्या स्टिअरिंगला हात लावायची बंदी, त्याचंही खापर त्यांच्याच डोक्यावर? त्या तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष मास्तरांच्या पाठीमागच्या हातांकडे गेलं. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट आवळून धरलं होतं, आणि बोटं पांढरी पडली होती. मास्तर मान वळवून त्यांच्याकडे बघत होते. नजर, परीक्षेत नापास होऊ घातलेलं पोर बघतं तशी.

“हो, मीच,” बाई म्हणाल्या. “पाय अजून बसत नाही माझा.”

“काकू, तुम्ही? या वयात?”

“का रे? वयाची सूट काय फक्त तुझ्या सरांनाच आहे?”

पाना मनापासून हसला. मास्तर हसले नाहीत, पण मनगट सुटलं.

“मग सोपंय,” पाना म्हणाला. “सरांसाठी मी वेगळाच विचार केला होता.” त्याने फळीवरून एक चाक काढून बाकावर ठेवलं. जुन्याच्या निम्म्या वजनाचं, चकचकीत, मध्ये भोकं पाडलेलं. “हे हलकं. पाय लावला की इंजिन उसळतं, काढला की खाली येतं. पण हात तयार लागतो. काकू, तुम्ही दर चौकात गाडी बंद पाडाल. तुमच्यासाठी कंपनीतून येतं तसलंच, जड. एकदा फिरायला लागलं की आपल्या वजनानेच फिरत राहतं, तुमची चूक पोटात घालतं.”

बाई उठून बाकाशी आल्या. त्यांनी जुन्या, जळक्या चाकावर तळवा ठेवला.

“माझ्या मशीनचं चाकही असंच आहे. पाय जरा चुकला तरी टीप तुटत नाही.”

“तेच, काकू. आणि माउंटिंगं मऊ घेऊ. इंजिन कितीही हललं तरी आत तुम्हाला कळायचं नाही, पाणी भरलेला पेला ठेवून जा.”

हे सगळं तो मास्तरांकडे तोंड करून बोलत होता.

“मऊ नकोत. कडक बसव,” मास्तर म्हणाले.

“सर, कडक म्हणजे शर्यतवाल्या पोरांची. इंजिनाचा प्रत्येक धक्का सीटमध्ये येतो. काकूंची पाठ काय म्हणेल?”

“कडक.”

पानाने डोकं खाजवलं. कडक माउंटिंगं मागणाऱ्याला आधी स्वतःच्या गाडीत बसवायचं, हा त्याच्या गॅरेजचा नियम होता. बरेच जण उतरून गुपचूप मऊ घेत. “माझ्या गाडीत बसा दोघं,” तो म्हणाला. “मी किल्ली आणतो. मग बोला.”

त्याची गाडी मागच्या आवारात उभी होती. मास्तर स्टिअरिंगवर बसले, बाई शेजारी. पाना आत गेल्याबरोबर बाईंनी दाबून ठेवलेला राग खिडकीबाहेरच्या भिंतीवर काढला.

“माझ्या नावावर खपवलंत ना? वर पुन्हा हट्ट, कडकच हवीत! पोरगा म्हणतो तेच खरं. गिऱ्हाईक आलंय, विकून टाकू एकदाची ही गाडी.”

त्या उत्तराची वाट बघत बसल्या. गाडी विकायची नुसती गोष्ट काढली तरी मास्तर ताटावरून उठत. आता ते समोर बघत शांत बसले होते. फुरंगटले असतील, बाईंना वाटलं.

पानाने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि सीट, दार, पायाखालचा पत्रा, सगळंच थरथरायला लागलं. बाईंचे दात एकमेकांवर आपटले. त्या काहीतरी कडू बोलायला मास्तरांकडे वळल्या आणि थांबल्या.

मास्तरांनी डोळे मिटले होते. एक तळवा समोरच्या डॅशबोर्डवर पसरला होता, दुसरा गिअरच्या दांड्यावर. त्यांनी पायाने हलकेच इंजिन वाढवलं, आणखी वाढवलं, आणि नेमक्या जागी सोडलं. पुन्हा वाढवलं, पुन्हा नेमकं सोडलं. ओळखीचं गाणं लागल्यावर माणूस मान हलवतो तशी त्यांची मान हलत होती. हा चेहरा बाईंनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

ते फुरंगटले नव्हते. त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

मग एकेक गोष्ट बाईंच्या लक्षात यायला लागली. बातम्यांत काही राम राहिला नाही म्हणून बंद केलेला रेडिओ. दारावरची बेल, जी हल्ली नेहमी बाईंनाच ऐकू यायची. स्वयंपाकघरातून दिलेल्या हाका, ज्यांना उत्तर येत नसे. नवरे ऐकत नाहीत, यात नवीन काय, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. पण एक गोष्ट त्यांनी सोडून दिली नव्हती. अलीकडे त्या बोलायला लागल्या की मास्तर हातातलं काम खाली ठेवत आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहत. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. बाईंनी ते कुणाला सांगितलं नाही, पण त्यांना आवडलं होतं. सकाळी आरशासमोर थोडा जास्त वेळ जायला लागला होता.

ते ओठ वाचत होते.

बाईंना आधी स्वतःची लाज वाटली, मग त्यांचा राग आला, आणि मग त्यांच्यासाठी जीव इतका तुटला की रडू आवरेना. गाडी एवढी हलत होती की ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पानाने इंजिन बंद केलं. बाई उतरल्या, त्यांनी पदर सारखा केल्यासारखं करून डोळे टिपले.

“बोला काकू, काय ठरलं? मऊच ना?”

“चाक जड बसव,” बाई म्हणाल्या. “माउंटिंगं कडक.”

“अहो काकू, एक शिकाऊ माणसाचं, एक शर्यतवाल्याचं. हे असं एकत्र आजवर कुणी मागितलं नाही माझ्याकडे.”

“गाडीत माणसं दोन बसतात ना?”

“पण चालवणार कोण?”

बाई मास्तरांकडे वळल्या. पूर्ण वळल्या, उजेड आपल्या तोंडावर येईल अशा, आणि सावकाश बोलल्या.

“मी चालवणार. हे शिकवणार.”

मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत होते. बाईंचं बोलणं संपलं तरी ते बघतच राहिले.

“मुलाला काय सांगू?” पानाने विचारलं. “तो विकायचं म्हणत होता.”

“सांग, आई शिकतेय म्हणून.”

पार्ट यायला आणि बसवायला काही दिवस लागले. तेवढ्यात बाई जाऊन शिकाऊ परवाना काढून आल्या. खोटं बोलायचंच तर कागदपत्रांसकट बोलावं, असं त्यांचं मत पडलं. घरात त्या विषयावर दोघं बोलली नाहीत. फक्त एका दुपारी मास्तरांनी जेवणाच्या टेबलाखाली तीन वाट्या पालथ्या घातल्या आणि बाईंना त्यांवर क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर असा पाय फिरवायला लावलं. बाई दोनदा चुकल्या. मास्तर ओरडले नाहीत.

दोघं गाडी घ्यायला गेली तेव्हा पानाने किल्ली बाईंच्याच हातात दिली आणि स्वतः फाटकाशी हाताची घडी घालून उभा राहिला.

“चला काकू, बघू तरी सरांनी काय शिकवलंय!”

बाई स्टिअरिंगवर बसल्या. मास्तर शेजारी बसले, जादा ब्रेक नसलेल्या बाजूला. किल्ली फिरली, गाडी थरथरायला लागली. मास्तरांनी तळवा डॅशबोर्डवर ठेवला.

“क्लच सोड. सावकाश. अजून. थांब, तिथेच धर. आता थोडं दे.”

गाडीने एक आचका दिला. इंजिन आता बंद पडणार, असं बाईंना वाटलं. पण चाक जड होतं, ते फिरत राहिलं, आणि गाडी पानासमोरून, फाटकातून, रस्त्यावर आली. पानाने टाळ्या वाजवल्या.

वळणापलीकडे गॅरेज दिसेनासं झालं.

“झालं, बाजूला घे,” मास्तर म्हणाले. “आता मी चालवतो.”

बाईंनी रस्त्यावरची नजर न काढता नकारार्थी मान हलवली. मास्तरांनी पुन्हा म्हटलं. बाईंनी पुन्हा मान हलवली आणि स्टिअरिंग घट्ट धरलं. मास्तरांचा तळवा परत डॅशबोर्डवर गेला.

“आता बदल. दुसरा.”

बाईंनी दुसरा टाकला. मागून एक ट्रक कर्कश हॉर्न देत येत होता. बाईंनी आरशात पाहिलं, वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि त्याला वाट दिली. ट्रक खिडकीशेजारून धडधडत पुढे गेला, तेव्हा मास्तर दचकले.

ट्रक दूर जाईपर्यंत ते त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी बाईंकडे बघत विचारलं,

“हॉर्न देत होता?”

बाईंनी मान डोलावली.

“बराच वेळ?”

बाईंनी मान डोलावली. वळून काही बोलावं असं त्यांना फार वाटलं, पण रस्त्यावरून नजर काढता येत नव्हती, आणि न वळता बोलून उपयोग नव्हता.

मास्तरांनी हात उचलून मांडीवर ठेवला. बराच रस्ता तसाच मागे पडला. इंजिन आता ओरडायला लागलं होतं. बाईंना ते ऐकू येत होतं, पण काय करायचं ते कळत नव्हतं. त्यांनी डावा हात स्टिअरिंगवरून काढला, मास्तरांचा हात धरला आणि डॅशबोर्डवर नेऊन ठेवला.

तो तिथे थोडा वेळ नुसताच राहिला. मग बोटं पसरली.

“तिसरा टाक,” मास्तर म्हणाले.