पलीकडचे तोंड

मी एक जुनी मोरी आहे. न्हाणीघरातली नव्हे, रस्त्याखालची. मित्रांनो, शहापूरहून शेणव्याकडे एसटीने जाताना तुम्ही माझ्या डोक्यावरून गेलाही असाल. गाडीला बारीकसा हिसका बसतो, खिडकीतल्या माणसाला कठडा दिसतो, आणि मी मागे पडते. मला पाहायचे तर गाडीतून उतरून भरावाखाली यावे लागते. तेवढी तसदी फारसे कोणी घेत नाही.

रस्ता बांधताना मधे ओढा आडवा आला, म्हणून माझा जन्म झाला. पाथरवटांनी काळा दगड घडवला, चुन्यात बसवला आणि वर कमान घातली. ओढा इथे वळसा घेतो, म्हणून मलाही मधोमध वळण दिले. त्यामुळे माझ्या एका तोंडाशी उभे राहिले तर दुसऱ्या तोंडाचा उजेड दिसत नाही. तेव्हा त्याचे कोणाला काही वाटले नाही.

माझे वरचे तोंड अभयारण्याच्या रानात उघडते आणि खालचे भातखाचरांत. मला बांधले पाण्यासाठी, पण पाण्यापेक्षा पाहुणेच जास्त. साळिंदर काटे खुळखुळवत जाई. भेकर एकेक पाय उचलून, कान टवकारून जाई. मुंगूस तर घरचेच. खेकडे माझ्या सांदीत राहत आणि त्यांच्या मागावर उदमांजर येई. रानात निवारा होता, खाली खाणे आणि पाणी होते. दोन्हींच्या मधे गाड्यांचा रस्ता होता, आणि त्या रस्त्याखाली मी होते. उन्हाळ्यात एक बिबट्याची मादी दुपारची माझ्या गारव्यात, पाण्याकडेच्या कोरड्या अंगाला येऊन पडे. तिच्या पोटाखालचा माझा दगड ऊबदार होई.

वाटसरू माणसेही होती. पाड्यावरच्या बायका रानाच्या कडेची वाळकी फाटी आणायला जात. डोक्यावर मोळी घेऊन उंच भराव चढणे अवघड, म्हणून त्या माझ्यातूनच जात-येत. पण थेट आत कोणी शिरत नसे. तोंडाशी थांबायचे, कोयत्याच्या पाठीने माझ्या दगडावर ठोके द्यायचे आणि हाक मारायची, "आमी येतो गो बाय, वाट दे!" मग बसून दातांना मिश्री लावायची. मिश्री लावून होईपर्यंत आत जे कोणी असेल ते दुसऱ्या तोंडाने निघून जाई. ही रीत कोणी घातली, मला ठाऊक नाही. ती कधी चुकली नाही, एवढे ठाऊक आहे.

धोंडीबाईची सून शीतल नवी होती, तेव्हा तिला याचे हसू येई.

"आत्या, वाघाला तुमची भाषा कळते?"

"तुझ्यापेक्षा बरी कळते गो," धोंडीबाई म्हणे. "तुला सांगितलं एक, तू करतेस दुसरंच."

मग दिवस पालटले. आसनगाव स्टेशनला उतरून अनोळखी माणसे जमिनी बघत हिंडू लागली. खाचरांत मुरूम पडला, बांध मोडले, तारा आल्या, पाट्या आल्या. जिथे लावणीची गाणी ऐकू येत, तिथे जेसीबी घरघरू लागला. धोंडीबाईच्या मुलाने, किशोरने, माझ्या खालच्या तोंडासमोरचे शेत एका शेठला विकले. शेठ तिथे बंगला बांधणार होते आणि त्याची राखण किशोरला मिळणार होती. गावात राहून पगार! पाड्यावरची तरणी पोरे त्याचा हेवा करत.

तो दिवस चैत्रातला होता. सकाळी धोंडीबाई आणि शीतल माझ्यातून वर रानात गेल्या. त्यांची पाठ फिरली आणि खालच्या बाजूला सिमेंटच्या ब्लॉकचा टेम्पो येऊन थांबला.

गवंड्याने विचारले, "किशोर, कुंपणाची भिंत मोरीच्या तोंडावरूनच घ्यायची?"

"शेठ सांगून गेलेत. आत जनावर यायला नको. पाण्याला पाइप ठेव नि घे बांधून."

"बायका जातात ना रे इथून?"

"आईला संध्याकाळी सांगतो. वरून जातील."

आई त्या क्षणी वरच्या रानात फाटी मोडत होती. ती दुपारीच परतेल, हे काही त्याच्या ध्यानात आले नाही. उन्हे डोक्यावर येईपर्यंत माझे खालचे तोंड बंद झाले. पाइप बसवला, तो लगेच पाचोळ्याने तुंबला. माणसे भाकरी खायला आंब्याच्या सावलीत गेली. सगळीकडे सामसूम झाली, आणि वरच्या तोंडातून ती मादी आत आली.

मित्रांनो, मला तोंडे दोन, पण वाचा एकालाही नाही. ती वळणापलीकडे जाऊन पडली. मला बाहेर पावलांचा आवाज आला. मोळ्या जमिनीवर टेकल्या. ठक्, ठक्, ठक्.

"आमी येतो गो बाय, वाट दे!"

मादी उठली. नेहमीप्रमाणे खालच्या तोंडाकडे निघाली आणि भिंतीशी थबकली. तिने ओले सिमेंट हुंगले. पंज्याने एकदा ओरबाडले, परत ओरबाडले. बाहेर धोंडीबाई शांतपणे मिश्री लावत होती. तिच्या हिशेबाने वाट मोकळी होत होती. माझ्या पोटात मात्र ती बंद झाली होती.

"चला आत्या, ऊन तापलं," म्हणत शीतलने मोळी उचलली आणि ती पुढे झाली. सासू मागे. शीतल वळणाजवळ आली. मादी भिंतीला पाठ लावून दबली. तिचे कान मागे पडले.

"शीतल, थांब."

"काय झालं?"

"पाणी बघ. उभं हाय. चालत नाय."

घोट्याभोवतीचे पाणी नेहमी खालच्या अंगाला ओढ घेई. आज ते मुके होते, आणि घोट्याच्या वर चढले होते.

"खालचं तोंड बुजलंय," धोंडीबाई हळू आवाजात म्हणाली. "मोळी खाली टाकू नको. तोंडापुढं धर. पाठ फिरवू नको. ये मागं, माझ्या हाताला धरून ये."

"आत्या, आत कोण..."

"बोलू नको गो."

अंधारातून गुरगुर आली. शीतलच्या हातातल्या मोळीची फाटी माझ्या भिंतीला घासत होती. एक पाऊल मागे, मग आणखी एक. माझा चुना तेव्हा का गळला नाही, नवल आहे. दोघी उजेडात आल्या, बाजूला भरावावर चढल्या, आणि मग शीतलने जी किंकाळी फोडली ती पाड्यापर्यंत गेली.

लोक धावत आले, काठ्या घेऊन, दगड घेऊन. रस्त्यावर जीप थांबली, तिच्यातले लोक उतरले. माझ्या वरच्या तोंडाशी माणसांची दुसरी भिंत उभी राहिली. धोंडीबाईचा दीर भिमा सगळ्यांच्या पुढे.

"पेंढा आणा रे! धूर करा! बाहेर आली का घाला डोक्यात!"

"भिमा, धूर केलास तर ती जाईल कुठं? तुझ्याच अंगावर येईल," धोंडीबाई ओरडली. "मागं सरा सगळे! तोंड मोकळं करा!"

"मागं सरा म्हणे! उद्या पोराला उचललं मग?"

कोणी सरेना. पुढचा सरायला बघे, तर मागचा ढकले. पेंढा आला. काडेपेटी आली.

तेवढ्यात किशोर पळत आला. त्याने बायकोचे भिजलेले पाय पाहिले, तोंडाशी पडलेली मोळी पाहिली.

"आई, तू आत होतीस?"

"दोघी होतो."

तो तसाच वळला. भरावावरून खालच्या अंगाला उतरला आणि त्याने गवंड्याची पहार उचलली.

"अरे, शेठ हाकलून देतील तुला!" गवंडी म्हणाला.

"देऊ दे. तू झाडावर चढ."

किशोर माझ्या कमानीवर उभा राहिला आणि वरून ब्लॉकच्या फटीत पहार घातली. सिमेंट अजून ओले होते. एक ब्लॉक निखळला. उजेडाचा तुकडा आत पडला, तशी मादी आणखी दबली. वरच्या तोंडातून धुराचा पहिला लोट आत आला. दुसरा ब्लॉक गेला, तिसरा गेला. धूर वळणावर पोचला. किशोरने पहार आणखी खोल घातली. एका जोरासरशी वरचे तीन थर एकदम ढासळले, आणि त्याच्या पायाखालून पिवळी रेघ सुटावी तशी ती गेली. मुरमावरून, मोडलेल्या बांधावरून, ओढ्याकाठच्या करवंदीत दिसेनाशी झाली.

वरच्या बाजूला भिमा बराच वेळ रिकाम्या मोरीला धूर देत राहिला.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. "किशोर, तुला भिंत सांभाळायला ठेवलं, की तोडायला?"

"शेठ, शेत माझं होतं, ते विकलं. ओढ्याची वाट माझी नव्हतीच. ती मी कशी विकणार?"

जमलेले लोक जागचे हलत नव्हते. शेठ म्हणाले, "बरं. पाण्यापुरती फट ठेवा."

"केवढी?" गवंड्याने विचारले.

धोंडीबाईने डोक्यावर मोळी घेतली आणि ती मोडलेल्या भिंतीच्या जागी जाऊन उभी राहिली. "एवढी. लाव तुझी दोरी."

गवंड्याने शेठकडे पाहिले. शेठनी घड्याळाकडे पाहिले आणि मान हलवली. भिंतीत वाट राहिली. किशोरची नोकरी राहिली नाही. तो आता आसनगावच्या पलीकडे गोदामात कामाला जातो आणि अंधार पडल्यावर घरी येतो.

मित्रांनो, याच रस्त्यावरच्या माझ्या किती बहिणींची तोंडे आता बुजली आहेत. तुम्ही मोठे व्हाल, घरे बांधाल, रस्ते आखाल. जरूर आखा. पण कागदावर रेघ ओढण्याआधी एकदा खाली या, ओणवे व्हा, पाय भिजवा, आणि इथून कोण येते-जाते ते विचारा. रान राखले, पण त्याच्या वाटा बुजवल्या, तर त्या रानाचा कोंडवाडा होतो.

पाड्यावर आता गॅस आला आहे. फाट्यांसाठी बायका फारशा जात नाहीत. परवा माझ्या खालच्या तोंडात गाळ आणि प्लास्टिक अडकले होते. शीतल फावडे घेऊन आली, सोबत तिची लहान मुलगी होती. मायलेकींनी दुपारभर गाळ ओढला. मुलगी कंटाळली.

"आई, आपण इथून जात नाय. मग कशाला काढतेस?"

शीतलने कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा फावडे घातले.

"आपण नाय जात गो. बाकीचे जातात."