किल्लीला लागलेलं कुंकू

आमच्या व्हॅनची किल्ली फिरेना, ती मार्गशीर्षातली सकाळ होती. स्नेहलतागंजात थंडी अशी की नळाखाली हात धरला तर बोटं सुन्न व्हावीत. शाळेची आठ पोरं स्वेटरं घालून आमच्या ओट्याशी उभी, आणि गोपीनाथ भाऊजी गाडीत बसून किल्लीशी झटतायत. किल्ली आत जात होती, पण फिरवायला गेलं की दगड.

गोपीनाथ भाऊजी म्हणजे ह्यांच्या मिलमधले फिटर. हे जॉबर, विणाई खात्यातले मुकादम, आणि ह्यांच्या साच्यांना, म्हणजे कापडाच्या मागांना, काही झालं की भाऊजींना हाक. मिलला टाळं लागलं तेव्हा दोघं एकाच दिवशी घरी आले. ह्यांनी ओट्यावर खुर्ची टाकली ती टाकलीच, बोलणंही कमी केलं. मग अच्युतनं, माझ्या मुलानं, ह्यांच्या फंडातून जुनी मारुती व्हॅन घेतली आणि शाळेची पोरं लावली. तो स्वतः कपड्याच्या दुकानात नोकरीला, म्हणून गाडी भाऊजी चालवायचे. दोन घरं त्या एका गाडीवर जेवत होती. पण गल्लीत मी काय सांगायची? "आम्ही ड्रायव्हर ठेवलाय." जीभ माझी, तिला कोण धरणार!

खंडेनवमीला मी गाडीची पूजा केली होती. मिलमध्ये साच्यांची पूजा व्हायची, त्या दिवशी आम्हा बायकांनाही आत सोडायचे. ज्या दांड्यानं साचा सुरू व्हायचा, हे बरोबर त्यालाच कुंकू लावायचे. म्हणायचे, जिथून चालतो तिथंच टिळा. मला वाटलं, गाडी तर किल्लीनं चालते. मी खोबरेल तेलात कुंकू कालवलं आणि किल्लीच्या भोकावर बोटानं चांगलं दाबून लावलं. देवाच्या कामात मी हात आखडत नाही. पुढं भाऊजी म्हणाले, किल्ली जरा जड चालतेय, तर मीच गुपचूप दोनदा तेल सोडलं आत. आणि विसरून गेले.

त्या सकाळी मात्र मला काही आठवलं नाही. पोरांच्या आया जमल्या होत्या. समोरच्या प्रेमलताबाई नातीचं दप्तर धरून म्हणाल्या, "काय हो, तुमच्या ड्रायव्हरला गाडी सुरू करता येईना का?"

झालं. माझं डोकं फिरलं. सोळा वर्षं ज्यांना भाऊजी म्हटलं, त्यांना मी सगळ्यांसमोर अरेतुरे केलं.

"सराफा बाजाराच्या तोंडाशी बसतो त्या चाबीवाल्याकडून दुसरी किल्ली पाडून घेतलीस ना? संध्याकाळी कोणाकोणाची वऱ्हाडं वाहतोस माझ्या गाडीतून? खोटी किल्ली घालून घालून कुलूप खाल्लंस!"

ओट्यावरून हे म्हणाले, "अगं..."

"तुम्ही गप्प बसा!"

भाऊजी गाडीतून उतरले. चेहरा पांढरा. म्हणाले, "वहिनी, फिटर आदमी आहे मी. लोखंडाशी बेइमानी नाही केली कधी." किल्ली त्यांनी ओट्यावर ठेवली, चपला घातल्या आणि निघाले. प्रेमलताबाई नातीला म्हणाल्या, "चल गं, रिक्षा बघू."

दोन दिवस गाडी दारात उभी. चाबीवाला येऊन गेला, मेकॅनिक येऊन गेला. मेकॅनिक म्हणाला, "पूरा लॉक बदलना पड़ेगा माताजी, आठ दिन." अच्युत जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "आई, परवापर्यंत गाडी निघाली नाही तर सगळी पोरं दुसरीकडे जातील. आणि गोपीनाथकाकांचं नाव गल्लीत खराब झालंय ते वेगळंच. कोण देईल त्यांना गाडी?"

तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी हे खुर्चीवरून उठले. मफलर गुंडाळला आणि न सांगता गेले. परत आले ते भाऊजींना घेऊन. भाऊजींच्या खांद्यावर मिलची जुनी हत्यारांची पिशवी. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मीही चौकट सोडली नाही.

आधी त्यांनी स्टेअरिंग डावीउजवीकडे हलवून पाहिलं. चाक वाकडं राहिलं की कुलूप धरतं म्हणे. ते नव्हतं. मग किल्ली नाकाशी नेली. वास घेतला. थांबले. पिशवीतून मेणबत्ती काढली, किल्ली पकडीत धरून तापवली आणि अलगद आत घातली. क्षणभर ठेवली, काढली, वर्तमानपत्रावर पुसली.

कागदावर लाल रेघ उमटली.

पुन्हा तापवली, पुन्हा पुसली. लाल. दाट, तेलकट लाल. माझ्या घरात थंडीनं खोबरेल बाटलीत गोठलं होतं, तसंच ते तिथंही गोठून बसलं होतं, माझं कुंकू पोटात घेऊन. ह्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्या कपाळाकडे.

भाऊजींनी मेणबत्ती विझवली, पेट्रोलचे थेंब सोडून आतलं धुतलं, पुसलं, वाळू दिलं. मग पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासलं आणि किल्ली घातली. खट्ट. फिरली.

तोवर रिक्षासाठी पोरांना घेऊन आया परत जमल्या होत्या, अच्युतही दुकानात जायला बाहेर आला होता. प्रेमलताबाईंनी विचारलं, "काय झालं होतं हो?"

भाऊजींनी कागदाची घडी करून खिशात घातली. "काही नाही, जंग लागला होता."

मी त्यांना चोर म्हटलं होतं, आणि ते माझी लाज खिशात घालत होते. मला वाटलं, चला, झालं ते झालं, आता चहा टाकते. खरंच आत वळलेसुद्धा. मग भाऊजींचा आवाज आला. "अच्युत, चाबी घे बेटा. दुसरा ड्रायव्हर बघ."

मी ओट्यावरून खाली उतरले.

"जंग नव्हता," मी म्हणाले. "खंडेनवमीचं माझं कुंकू होतं."

एरवी मी गल्ली दणाणून सोडते, पण हे तोंडातल्या तोंडात पुटपुटले. प्रेमलताबाई कानाला हात लावून म्हणाल्या, "काय म्हणालात?"

दुसऱ्यांदा सांगावं लागलं. मोठ्यानं. कुंकू मी भरलं, तेल मी ओतलं, भाऊजींनी कुठलीच किल्ली पाडली नव्हती. एक पोरगी फिसकन हसली. तिच्या आईनं तिला चापट मारली, पण हसू आईच्याही ओठांवर होतं. मान खाली घालून मी अच्युतच्या हातातली किल्ली घेतली. शिशानं काळी झाली होती. भाऊजींपुढे धरली.

"भाऊजी, पोरांना उशीर होतोय."

त्यांनी पिशवीतलं फडकं काढून आधी हात पुसले. मला वाटलं, आता नाहीच म्हणणार, आणि म्हणाले असते तर मला बोलायला जागा नव्हती.

"पुढच्या खंडेनवमीला टिळा काचेला लावा," ते म्हणाले. किल्ली घेतली. माझ्याकडे न बघता पोरं मोजली, दार सरकवलं.

मला 'वहिनी' म्हणाले नाहीत. पुढंही बरेच दिवस म्हणाले नाहीत.